युद्धनौकेचे इंजिन वारंवार बंद पडत असेल, तर ते नीट करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

मैत्रेयी (ठाणे)

नमस्कार. गेले काही दिवस ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ वर्गातील विनाशिकांविषयी वाचत आहे आणि वाचता वाचता एका प्रश्नापाशी येऊन अडले आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारते.

या वर्गाच्या सहा नौका, म्हणजे डेअरिंग, डॉन्टलेस, डायमंड, ड्रॅगन, डिफेंडर आणि डंकन, २००९ ते २०१३ या काळात नौदलात दाखल झाल्या. आधी बारा बांधायच्या ठरल्या होत्या, त्या आठवर आणि शेवटी सहावर आल्या. तरीही एकूण खर्च सुमारे साडेसहा अब्ज पौंडांवर गेला, म्हणजे मूळ अंदाजापेक्षा दीड अब्ज पौंड जास्त, आणि दोन वर्षांहून अधिक उशीर झाला तो वेगळाच. इतके करूनही डेअरिंग २०१० मध्ये भर अटलांटिक महासागरात बंद पडली, डॉन्टलेसला २०१४ मध्ये सराव अर्धवट सोडून बंदरात परतावे लागले आणि जुलै २०२१ मध्ये विमानवाहू नौकेच्या ताफ्याबरोबर निघालेली डायमंड यंत्रबिघाडामुळे भूमध्य समुद्रातच मागे राहिली. त्या दिवसांत सहापैकी एकटी डिफेंडर कामगिरीवर होती.

२०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे या नौकांची टर्बाइन इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉईसच्या प्रतिनिधीने सांगितले की, यंत्र आम्हाला दिलेल्या विनिर्देशांप्रमाणेच, म्हणजे यंत्र कसे हवे याच्या लेखी अटींप्रमाणेच, बनवलेले आहे आणि आखातातील परिस्थिती त्या विनिर्देशांत बसणारी नाही. पुढे मार्च २०१८ मध्ये सरकारने दुरुस्तीसाठी १६ कोटी पौंडांचा करार केला, म्हणजे चूक कोणाचीही असो, पैसे करदात्यांच्या खिशातून गेले.

माझा प्रश्न असा की, ही सरकारची स्वतःची जबाबदारी होती म्हणून सरकारने ती उचलली, की कंपन्यांनी हात झटकल्यामुळे ती सरकारच्या गळ्यात पडली? हा प्रश्न केवळ ब्रिटनचा आहे असे मला वाटत नाही, कारण आपल्या नौदलाच्या मोठ्या जहाजांसाठी विद्युत प्रचालन यंत्रणा, म्हणजे विजेच्या मोटारींवर जहाज चालवणारी यंत्रणा, विकसित करण्याबाबत भारत आणि ब्रिटन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट्समथ येथे इरादापत्रावर सह्या केल्या आहेत.

दर्यावर्दी

मैत्रेयीताई, जबाबदारी ठरवण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे पाहावे लागेल, कारण वर्तमानपत्रांत ‘इंजिन गरम पाण्यात बंद पडते’ एवढेच येते आणि त्यातून अर्धेच चित्र उभे राहते. मी स्वतः युद्धनौकांवर काम केलेले नाही. तेलवाहू जहाजांवर मरीन इंजिनिअर म्हणून एकवीस वर्षे काढली आहेत, तेव्हा जे सांगतो ते त्या अनुभवाच्या मर्यादेत घ्यावे.

टाइप ४५ मध्ये जहाजाला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा थेट इंजिनाला जोडलेला नाही. दोन डब्ल्यूआर-२१ गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल जनरेटर वीज तयार करतात आणि त्या विजेवर प्रत्येकी २० मेगावॉटच्या दोन मोटारी पंखे फिरवतात. रडार, क्षेपणास्त्रे, वातानुकूलन, स्वयंपाकघर, सगळे त्याच विजेवर चालते. एकेक टर्बाइन साधारण २१ मेगावॉटची होती आणि मूळचे डिझेल जनरेटर मात्र फक्त दोन-दोन मेगावॉटचे, ही तफावत ध्यानात ठेवावी.

आता टर्बाइनविषयी. कोणतीही गॅस टर्बाइन उष्ण हवेत कमी शक्ती देते, त्यात नवल काही नाही. डब्ल्यूआर-२१ मध्ये इंधन वाचवण्यासाठी दोन भाग जास्तीचे बसवले होते. दाबलेली हवा मध्येच थंड करणारा इंटरकूलर हा एक, आणि बाहेर जाणाऱ्या धुराची उष्णता परत वापरणारा रिक्युपरेटर हा दुसरा. कल्पना उत्तम होती, पण हवा आणि समुद्राचे पाणी दोन्ही तापलेले असताना हा जोड अपुरा पडू लागला आणि टर्बाइनची शक्ती हळूहळू उतरण्याऐवजी ती एकाएकी बंद पडू लागली. ती बंद पडली की सगळा भार त्या लहान डिझेल जनरेटरांवर येई, त्यांना तो पेलत नसे, तेही ट्रिप होत आणि संपूर्ण जहाज अंधारात जाई. याखेरीज, मोटारींना वीज पुरवणाऱ्या ड्राइव्ह युनिटांत शीतकरणामुळे आतल्या बाजूस दव धरत होते आणि त्यातूनही विद्युत बिघाड होत होते, असे जहाजे बांधणाऱ्या बीएई सिस्टिम्सच्या अधिकाऱ्याने त्याच समितीपुढे सांगितले होते.

ब्लॅकआऊट म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगणे कठीण आहे. एका ऑगस्टमध्ये फुजैराजवळ आमच्या जहाजावर शीतक नळ्यांत शेवाळ आणि शिंपले साचल्यामुळे एक जनरेटर तापून बंद पडला, दुसऱ्यावर एकदम भार आला आणि तोही गेला. इंजिन रूममधला जो आवाज चोवीस तास कानांत असतो, तो थांबला की प्रथम स्वतःचा श्वास ऐकू येतो. आणीबाणीचा जनरेटर पंचेचाळीस सेकंदांत सुरू झाला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि तो झालाही, पण तो फक्त दिवे, सुकाणू आणि मोजकी यंत्रे चालवतो. मुख्य इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली, आत पन्नास अंशांच्या आसपास तापमान होते आणि हातातील पाना घामाने निसटत होता. आमच्यावर कोणी क्षेपणास्त्र सोडणार नव्हते. युद्धनौकेवर त्या पंचवीस मिनिटांत डोळेही गेलेले असतात आणि हातही.

म्हणून २०१८ मध्ये जो उपाय निवडला गेला, तो तांत्रिकदृष्ट्या मला योग्य वाटतो. टर्बाइन काढली नाही. दोन लहान डिझेल जनरेटरांच्या जागी प्रत्येकी तीन मेगावॉटचे तीन जनरेटर बसवायचे ठरले, जेणेकरून टर्बाइन बंद असतानाही जहाज साधारण वेगाने चालू शकेल आणि टर्बाइन एकाएकी गेली तरी दिवे जाणार नाहीत. मात्र बांधून झालेल्या जहाजाच्या पोटात एवढे मोठे यंत्र घालायचे म्हणजे कवच कापावे लागते आणि त्याच्या भोवतीची सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. डॉन्टलेस त्यासाठी २०२० मध्ये बर्कनहेडच्या गोदीत गेली आणि २०२२ मध्ये चाचण्यांसाठी समुद्रात उतरली. हेच जनरेटर आराखड्याच्या कागदावर मोठे काढले असते, तर एवढ्या कापाकापीची वेळ आली नसती.

लेखापरीक्षक निवृत्त

दर्यावर्दींनी बिघाड उत्तम समजावून सांगितला आहे, त्यामुळे मी थेट जबाबदारीकडे येतो. माझी सारी नोकरी सरकारी खरेदीच्या फायली तपासण्यात गेली आणि त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे की, या प्रकरणात पहिली आणि शेवटची जबाबदारी सरकारचीच होती.

यंत्र नादुरुस्त झाले की तीन प्रश्न विचारावे लागतात. गरज कोणी लिहिली, यंत्र कोणी निवडले आणि जहाज कोणी ताब्यात घेतले? टाइप ४५ च्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरे संरक्षण मंत्रालयापाशी येऊन थांबतात. ब्रिटन १९९९ मध्ये फ्रान्स आणि इटलीबरोबरच्या होरायझन या संयुक्त युद्धनौका प्रकल्पातून बाहेर पडले आणि डिसेंबर २००० मध्ये स्वतंत्र विनाशिकांचा मुख्य करार झाला. त्या दोन देशांनी आपल्या होरायझन नौकांसाठी एलएम २५०० ही जगभर वापरात असलेली टर्बाइन घेतली. ब्रिटनने तीच टर्बाइन समोर असताना डब्ल्यूआर-२१ निवडली, जी तोपर्यंत कोणत्याही युद्धनौकेवर वर्षानुवर्षे चाललेली नव्हती. नव्या यंत्राला आणि देशी उद्योगाला संधी देणे हा सरकारचा हक्क आहे आणि तो मी नाकारत नाही. परंतु जो धोका उद्योगधोरण म्हणून जाणूनबुजून पत्करला, त्याचे खापर दहा वर्षांनी पुरवठादाराच्या माथी फोडता येत नाही.

विनिर्देशांचे म्हणाल, तर मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. ब्रिटिश नौदलाची गस्त १९८० पासून आखातात होती. १९९१ च्या युद्धात टाइप ४२ वर्गातील ग्लॉस्टरने तिथेच इराकी क्षेपणास्त्र पाडून अमेरिकेच्या मिसूरी या नौकेचा बचाव केला होता. त्याच टाइप ४२ ची जागा घेणारी नवी नौका कुठे जाणार आहे, हे २००० साली ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. संरक्षण समितीने नोव्हेंबर २०१६ च्या अहवालात आखातासारख्या उष्ण प्रदेशांत पूर्ण क्षमतेने दीर्घकाळ चालण्याची अट विनिर्देशांत नसावी, याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. संसदीय समित्यांच्या भाषेत हा फार कडक शेरा असतो.

आणखी एक गोष्ट. कंपनी चुकली असे न्यायालयात सिद्ध करता आले असते असे गृहीत धरले, तरी नौका तोपर्यंत धक्क्याला बांधून ठेवता येत नाही. रस्त्याच्या कामात ठेकेदाराशी वाद सुरू असताना वाहतूक दुसरीकडून वळवता येते, इथे दुसरीकडून वळवायला दुसरे आरमार नाही. त्यामुळे पैसे कोणाकडून वसूल करायचे हा वाद बाजूला ठेवून सरकारने आधी दुरुस्ती करायलाच हवी होती आणि तीही २०१० मध्येच सुरू व्हायला हवी होती. पहिला मोठा बिघाड आणि दुरुस्तीचा करार यांच्यात आठ वर्षे हे घोंगडे भिजत पडले. १६ कोटी पौंडांच्या आकड्यापेक्षा मला त्या आठ वर्षांचा हिशेब मोठा वाटतो.

अभय (नागपूर)

लेखापरीक्षक महोदयांचा मान राखून मी असहमती नोंदवतो. विनिर्देश अपुरे होते हे मान्य आहे. पण ज्या कंपन्या पिढ्यानपिढ्या नौदलासाठी यंत्रे आणि जहाजे बनवतात, त्यांनाही ही नौका आखातात जाणार हे ठाऊक होतेच. जाणकाराने गिऱ्हाइकाला सावध करायचे असते. डॉक्टरने ‘तुम्ही विचारले नाही म्हणून सांगितले नाही’ असे म्हटलेले आपण ऐकून घेतो का?

अमेरिकेचे उदाहरण पाहा. तेथील फ्रीडम वर्गातील किनारी युद्धनौकांत डिझेल इंजिन आणि गॅस टर्बाइन यांची शक्ती एकत्र करणाऱ्या गिअरमध्ये संपूर्ण वर्गाला लागू होणारा दोष सापडला, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी नौदलाने तो दूर झाल्याशिवाय नवी नौका ताब्यात घेणार नाही अशी भूमिका घेतली. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुरुस्त गिअर बसवलेली नौका स्वीकारली गेली. सरकारने ठाम उभे राहायचे ठरवले, तर कंपनी मार्ग काढते.

लेखापरीक्षक निवृत्त

अभयजी, आपले उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देते, असे नम्रपणे सांगतो. अमेरिकी नौदलाच्या हातात जोर होता, कारण त्या नौका अजून ताब्यात घेतलेल्या नव्हत्या. त्याच वर्गातील मिलवॉकी डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे नौदलात दाखल झाल्यानंतर महिन्याभरातच, बंद पडून ओढत न्यावी लागली होती. जे जहाज स्वीकारून झाले आहे, त्याच्या बाबतीत सरकारचा हात दगडाखाली जातो. वर्गाची पहिली नौका फ्रीडम २००८ ते २०२१ अशी तेरा वर्षे सेवेत होती आणि सूसिटी तर पाच वर्षेही पुरी न करता २०२३ मध्ये निवृत्त झाली. स्वीकृतीपत्रावर सही होण्याआधीचा दिवस आणि नंतरचा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आपल्याकडचेच पाहायचे तर विक्रमादित्य आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तरेकडील समुद्रात पूर्ण वेगाच्या चाचण्या सुरू असताना तिच्या बॉयलरमधील उष्णतारोधक विटांनी दगा दिला. भारताने ॲस्बेस्टॉस नको म्हटले म्हणून विटा वापराव्या लागल्या, असे रशियन बाजूने सांगितले गेले, म्हणजे तेथेही बोट गिऱ्हाइकाच्या अटींकडेच दाखवले गेले. पण जहाज अद्याप रशियन गोदीच्या ताब्यात होते. दुरुस्ती आणि नव्याने चाचण्या होऊन नोव्हेंबर २०१३ मध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली आणि मग कारवारला आली. जवळजवळ एक वर्ष वाया गेले, पण बिघाड चाचणीत उघडा पडला, मोहिमेवर असताना पडला नाही.

साउथसीकर

मी गेली बारा वर्षे पोर्ट्समथजवळ राहते आणि या चर्चेत तांत्रिक भर घालण्याची माझी पात्रता नाही, तरी डोळ्यांनी पाहिलेले लिहिते. टाइप ४५ च्या उंच मनोऱ्यावर सॅम्पसन रडारचा मोठा गोल असतो, त्यामुळे ही जहाजे गॉस्पोर्टच्या फेरीतून लांबूनही ओळखू येतात. २०१६ मध्ये एकदा सहाच्या सहा विनाशिका येथे नौदलाच्या धक्क्यावर होत्या. फेरीतील एक वृद्ध गृहस्थ, जे स्वतः नौदलात स्टोकर, म्हणजे इंजिन-बॉयलरवर काम करणारे खलाशी, होते असे म्हणाले, ते गोल एकेक करून मोजत होते आणि सहावा मोजून झाल्यावर काही न बोलता आत जाऊन बसले.

येथील लोक या नौकांवर मनापासून प्रेम करतात. डेअरिंग २०१७ मध्ये परत आली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कामगिरीवर गेली नाही. तिच्यावर नेमणूक झालेल्या तरुण मुलामुलींची उमेदीची वर्षे समुद्राऐवजी बंदरात गेली. जे काम समुद्रावर राहूनच शिकता येते, ते त्यांनी कुठे शिकायचे? खर्चाचा हिशेब मांडताना हे कोणीच धरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डायमंडने तांबड्या समुद्रात ड्रोन पाडले, तेव्हा शेजारच्या घरात सर्वांना आनंद झाला होता, कारण त्यांचा भाचा नौदलात आहे. मला मात्र त्या मार्गाने ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांवरच्या आपल्या रत्नागिरी-रायगडच्या मुलांची आठवण झाली. त्यांच्या रक्षणाला कोणती नौका त्या दिवशी चालू स्थितीत आहे, हा त्यांच्या दृष्टीने कराराच्या कलमांचा प्रश्न नाही.

मैत्रेयी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. माझी समजूत अशी होत आहे की, सरकारची जबाबदारी बिघाड झाल्यावर सुरू होत नाही, ती विनिर्देश लिहितानाच सुरू होते. तसे असेल, तर आपल्या पुढच्या विद्युत प्रचालनाच्या जहाजांसाठी करारात प्रत्यक्ष काय लिहून घ्यायला हवे? दर्यावर्दींकडून हे जाणून घ्यायला आवडेल.

दर्यावर्दी

ताई, नौदलाकडे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत तयार झालेले माझ्यापेक्षा कितीतरी जाणते अभियंते आहेत, तेव्हा मी फक्त माझ्या नजरेतून सांगतो.

व्यापारी जहाजे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांचा जुना दंडक आहे की, जगभर फिरणाऱ्या जहाजाची यंत्रे ४५ अंश सेल्सिअस हवा आणि ३२ अंश समुद्राचे पाणी धरून आखावीत. आखातात ऑगस्टमध्ये पाणी ३२ च्याही वर जाते, हे आमच्यातला प्रत्येक जण शीतकाच्या तापमापकावर पाहत आला आहे. युद्धनौकेसाठी आकडा याहून वरचा हवा आणि त्या आकड्याला यंत्र नुसते चालू राहणार की पूर्ण शक्ती देणार, हे शब्दांत स्पष्ट हवे. शक्ती कमी होणार असेल तर किती अंशाला किती कमी होणार, त्याचा तक्ता पुरवठादाराच्या सहीनिशी करारातच जोडलेला असावा, कारण अशा बाबतीत पुढचे सगळे वाद ‘चालणे’ या एका शब्दाच्या अर्थावरून होतात.

दुसरे असे की, सर्वांत मोठा जनरेटर भर भारात असताना मुद्दाम बंद करून पाहावा आणि उरलेल्यांनी जहाज अंधारात जाऊ दिले नाही तरच ती चाचणी उत्तीर्ण धरावी. टाइप ४५ मध्ये मूळ दोन डिझेल जनरेटर या परीक्षेत टिकलेच नसते आणि हे गणित कागदावरही करता येण्याजोगे होते.

शेवटचे, चाचण्यांच्या तारखा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत मुंबईबाहेर घेतलेली चाचणी मला पुरेशी वाटत नाही. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, अरबी समुद्रात पूर्ण भारावर सलग काही दिवस, आणि शक्य असेल तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होर्मुझच्या आत. नौदलाने स्वीकृतीची सही त्यानंतर करावी आणि मोठ्या हप्त्याची रक्कम तोपर्यंत रोखून धरावी. यासाठी जहाज तीन-चार महिने उशिरा मिळाले तरी चालेल.